प्रोस्टेट कॅन्सरचा जनुकीय स्कोअर 'सरासरी' आला. नायजेरियन वंशाच्या पुरुषाने आता निर्धास्त राहावं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमचे मिस्टर नायजेरियन वंशाचे, वय 43, राहणार ह्यूस्टन. सासऱ्यांना 61व्या वर्षी प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. कळलं तेव्हाच तो हाडांत पसरलेला होता आणि ते सध्या लागोसमध्ये उपचार घेत आहेत. मिस्टरांनी घरबसल्या लाळेचा नमुना पाठवून जनुकीय चाचणी करून घेतली. प्रोस्टेट कॅन्सरचा पॉलिजेनिक रिस्क स्कोअर 48व्या पर्सेंटाइलला (शंभरात साधारण 48 जणांचा स्कोअर याहून कमी), म्हणजे 'सरासरी धोका' असं अहवालात आलं. स्तन, अंडाशय आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीए जनुकांतले बदल 'आढळले नाहीत' असंही त्यात लिहिलंय. आता पन्नाशीपर्यंत पीएसए तपासणी (प्रोस्टेटमधल्या एका प्रथिनाची रक्तचाचणी) केली नाही तर चालेल का, हा तुमचा पहिला प्रश्न. 12 वर्षांच्या लेकीचा स्तनाच्या कॅन्सरचा स्कोअर आताच काढून ठेवावा का, हा दुसरा. आणि शेवटी मिस्टरांचं एक वाक्य तुम्ही लिहिलंय: "हा आजार आमच्या रक्तातच आहे का?"

मी अमेरिकेत बरीच वर्षं कॅन्सर जेनेटिक कौन्सेलर म्हणून काम करते. पहिल्या दोन प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असं आहे. पीएसए थांबवू नका, आणि लेकीचा स्कोअर काढू नका. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येण्यासारखं नाही, त्याकडे शेवटी येते. काही गोष्टी मात्र मी अहवाल न पाहता सांगते आहे. कंपनीने नेमका कोणता स्कोअर वापरला, सासऱ्यांच्या बायोप्सीत काय लिहिलं होतं, त्यांच्या भावंडांत किंवा मिस्टरांच्या आत्यांमध्ये कोणाला स्तनाचा, अंडाशयाचा किंवा स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला होता का, यावर तपशील बदलतील. पीएसए आता करावी हा सल्ला त्यातल्या कशानेही बदलणार नाही.

आधी स्कोअर बनतो कसा ते पाहू, कारण सगळी गोम तिथे आहे. माणसामाणसाच्या डीएनएत लाखो ठिकाणी एकेका अक्षराचा फरक असतो. हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी माणसं घेऊन कोणतं अक्षर रुग्णांमध्ये जास्त वेळा दिसतं ते मोजतात. एकेका अक्षराचा परिणाम अगदी किरकोळ असतो. पण अशी शेकडो ठिकाणं निवडून, प्रत्येकाला त्याच्या परिणामाइतकं वजन देऊन बेरीज केली, की जो आकडा येतो तो स्कोअर. मग तो एखाद्या समूहाच्या स्कोअरांशी ताडून पर्सेंटाइल सांगतात. बेरीज करण्यात कोणी चुकत नाही. ही ठिकाणं आणि ही वजनं कोणाच्या डीएनएवरून ठरली, हा खरा प्रश्न आहे.

ती बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवरून ठरली. अशा अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे 79 टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, असं 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. जगाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा सुमारे 16 टक्के. त्या अभ्यासांत आफ्रिकन वंशाचे लोक 2 टक्क्यांच्या आसपास. त्याच संशोधकांनी उंची, रक्तातले घटक अशा 17 गुणधर्मांवर स्कोअर ताडून पाहिले, तेव्हा आफ्रिकन वंशाच्या लोकांत त्यांची अचूकता युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा सरासरी साडेचार पटींनी कमी भरली. आपल्या दक्षिण आशियाई लोकांत ती सुमारे 1.6 पटींनी कमी होती. लेकीचा विषय निघेल तेव्हा हा दुसरा आकडाही लागेल.

असं का होतं? स्कोअरमध्ये धरलेली अक्षरं बहुतेक वेळा कॅन्सरला कारणीभूत नसतात. ती खऱ्या कारणाच्या शेजारी बसलेली असतात आणि पिढ्यान् पिढ्या त्याच्याबरोबर वारशात येतात, म्हणून खूण म्हणून उपयोगी पडतात. एखाद्या गावात 'वडाशेजारचं घर' एवढा पत्ता पुरतो. तोच पत्ता घेऊन दुसऱ्या गावात गेलात तर वड सापडेल, पण शेजारी भलतंच घर असेल. आफ्रिकेबाहेर पसरलेल्या लहान टोळ्यांपासून युरोपातले आणि आशियातले लोक आले. त्यांच्यात डीएनएचे लांबलचक तुकडे एकसंध राहिले, म्हणून दूरची खूणसुद्धा चालून जाते. आफ्रिकेतली लोकसंख्या त्या मानाने कितीतरी जुनी आणि मोठी आहे. तिथे पिढ्यागणिक अदलाबदल होऊन ते तुकडे बारीक झाले आणि खूण व कारण यांची ताटातूट झाली. युरोपात चोख काम करणारी खूण नायजेरियन माणसात निरर्थक ठरू शकते. अहवालात मात्र ती त्याच वजनाने मोजली जाते.

दुसरं कारण त्याहून सरळ आहे. काही बदल फक्त आफ्रिकन वंशाच्या लोकांतच सापडतात. युरोपीय नमुन्यांत ते नव्हतेच, तर त्या अभ्यासात दिसणार कुठून? प्रोस्टेट कॅन्सरमध्ये याचं ठळक उदाहरण आहे. आठव्या गुणसूत्रावर 8क्यू24 नावाचा भाग आहे. 2006 मध्ये अमेरिकेतल्या आफ्रिकन-अमेरिकन रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांचे पूर्वज काही आफ्रिकेतून, काही युरोपातून आलेले. रुग्णांमध्ये गुणसूत्रांच्या कोणत्या भागात आफ्रिकेतून आलेला तुकडा अपेक्षेपेक्षा जास्त वेळा दिसतो हे शोधलं, आणि बोट नेमकं 8क्यू24वर गेलं. पुढे त्याच भागात आरएस72725854 हा बदल सापडला. आफ्रिकन वंशाच्या सुमारे 12 टक्के पुरुषांमध्ये तो असतो आणि धोका जवळपास दुप्पट करतो. बाकी जगात तो जवळजवळ नाहीच. एका अक्षराने धोका दुप्पट होणं ही या क्षेत्रात फार मोठी गोष्ट आहे, कारण इतर बहुतेक बदल धोका जेमतेम पाच-दहा टक्क्यांनी हलवतात. निव्वळ युरोपीय माहितीवर उभ्या केलेल्या स्कोअरमध्ये हा बदल नसतो. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारा: तुमच्या स्कोअरमध्ये हा बदल धरला आहे का? तो नसेल, तर तो स्कोअर तुमच्या मिस्टरांसारख्या पुरुषांसाठी बनवलेला नाही एवढं नक्की कळेल.

आता न्यायाने हेही सांगायला हवं की कॅन्सरच्या सगळ्या स्कोअरांमध्ये प्रोस्टेटचा स्कोअर आफ्रिकन वंशाच्या बाबतीत त्यातल्या त्यात बरा आहे. 2021 मध्ये अनेक वंशांचे मिळून एक लाखाहून जास्त रुग्ण घेऊन केलेला अभ्यास आला. त्यातल्या 269 बदलांच्या स्कोअरमध्ये वरच्या 10 टक्क्यांत येणाऱ्या पुरुषांना कॅन्सर होण्याची शक्यता, मधल्या पुरुषांच्या तुलनेत, युरोपीय वंशात सुमारे 5 पट होती आणि आफ्रिकन वंशात 3.7 पट. कमी, पण हा आकडा क्षुल्लक नाही. 2023 मध्ये तोच गट 451 बदलांपर्यंत पोचला. तेव्हाही स्कोअर एका पायरीने, म्हणजे एका प्रमाण विचलनाने, वाढला की शक्यता युरोपीय वंशात 2.2 पट आणि आफ्रिकन वंशात 1.8 पट होत होती. म्हणजे चांगला, बहुवंशीय माहितीवर बनवलेला स्कोअर असेल तर त्यात काहीतरी अर्थ असतो. तुमच्या अहवालातला स्कोअर तसा आहे का, हे अहवालाच्या चकचकीत पानावरून ओळखता येत नाही. वाईट स्कोअरसुद्धा प्रत्येकाला एक पर्सेंटाइल देतोच, आणि 48 हा आकडा दोन्हीकडे सारखाच दिसतो.

समजा स्कोअर चांगलाच आहे. तरी 'सरासरी' म्हणजे कोणाची सरासरी? तुलना आफ्रिकन वंशाच्या पुरुषांशी केली असेल, तर त्यांची सरासरीच वर आहे. अमेरिकेत साधारण आठांतल्या एका पुरुषाला आयुष्यात कधी ना कधी प्रोस्टेट कॅन्सरचं निदान होतं. कृष्णवर्णीय पुरुषांत ते सहांतल्या एकाला होतं. तुलना युरोपीय पुरुषांशी केली असेल, तर आकडा आणखी संशयास्पद. अक्षरांचं प्रमाण वंशागणिक वेगळं असल्यामुळे सगळ्या समूहाचा स्कोअरच एका बाजूला सरकतो, आणि त्या सरकण्यातलं किती आजाराशी संबंधित आहे आणि किती केवळ इतिहासाचा योगायोग, हे वेगळं करणं अवघड असतं. म्हणून दुसरा प्रश्न: पर्सेंटाइल कोणत्या समूहाशी तुलना करून काढला?

याहून महत्त्वाची गोष्ट मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला कागदावर लिहून दाखवते. ढोबळ हिशोबात धोक्याचे घटक एकमेकांशी गुणले जातात. 48व्या पर्सेंटाइलचा गुणक जवळपास 1 असतो. वडिलांना प्रोस्टेट कॅन्सर असण्याचा गुणक साधारण 2, आणि वडिलांना कमी वयात निदान झालं असेल तर त्याहून जास्त. एकाने गुणल्यावर दोनाचे दोनच राहतात. सरासरी स्कोअरने वडिलांच्या आजाराचं वजन पुसलं जात नाही. कुटुंबातल्या आजाराचा काही भाग स्कोअरमध्ये पकडला जातो हे खरं, पण बराचसा भाग बाहेरच राहतो, आणि स्कोअर जितका अपुरा तितका बाहेर राहिलेला भाग मोठा. सासऱ्यांच्या आजाराची बातमी या अहवालापेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते.

माझ्या कामात मी म्हणून एक नियम पाळते. आफ्रिकन वंशाच्या माणसाचा स्कोअर जास्त आला तर मी तो मनावर घेते आणि तपासणी लवकर सुरू करायला सांगते. कमी किंवा सरासरी आला तर त्याच्या आधारावर एकही तपासणी पुढे ढकलू देत नाही. हे एकतर्फी वाटेल, पण त्याचं कारण दोन चुकांच्या किमतीत आहे. गरज नसताना पीएसए लवकर झाली तर रक्ताची एक नळी गेली, फार तर एमआरआय किंवा बायोप्सीपर्यंत प्रकरण गेलं. गरज असताना उशीर झाला तर काय होतं, ते तुमच्या घरात तुम्ही पाहताच आहात.

पीएसएच्याही मर्यादा आहेत. तिच्यामुळे कधीही त्रास न देणारे कॅन्सरही सापडतात आणि काही पुरुषांवर नको ते उपचार होतात. पूर्वी ही भीती जास्त रास्त होती. आता पीएसए वाढलेली दिसली की आधी ती पुन्हा करतात, मग एमआरआय, आणि संशयास्पद काही दिसलं तर बायोप्सी. सौम्य कॅन्सर निघाला तर शस्त्रक्रिया न करता नुसतं लक्ष ठेवण्याचा मार्गही आता सर्रास वापरला जातो.

किती लवकर करायची? डॉक्टरांनी 55 वय सांगितलं असेल, तर ते 2018च्या सरकारी तज्ज्ञगटाच्या शिफारशीवरून आलं असणार. त्यात 55 ते 69 या वयात डॉक्टरांशी बोलून ठरवा असं आहे, आणि ती सर्वसाधारण पुरुषांसाठी आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटी कृष्णवर्णीय पुरुषांना, तसंच वडील किंवा भावाला 65च्या आत निदान झालेल्यांना, हा विषय 45व्या वर्षीच काढायला सांगते. तुमच्या मिस्टरांना हे दोन्ही निकष लागू होतात. प्रोस्टेट कॅन्सर फाउंडेशनने 2024 मध्ये कृष्णवर्णीय पुरुषांसाठी वेगळं मार्गदर्शन काढलं: पहिली पीएसए 40 ते 45 या वयात, पुढे दरवर्षी करण्याचा गांभीर्याने विचार, आणि घरात आजार असेल तर 40व्या वर्षापासूनच. म्हणजे 43 हे वय लवकर नाही, वेळेवरच आहे. चाळिशीतला पीएसएचा पहिला आकडा पुढच्या बऱ्याच वर्षांच्या धोक्याबद्दल सांगतो, आणि माझ्या मते तुमच्या हातातल्या स्कोअरपेक्षा तो कितीतरी विश्वासार्ह आहे. तपासणीआधी दोन दिवस सायकल चालवणं आणि वीर्यस्खलन टाळायला सांगा, लघवीचा संसर्ग असेल तर तो बरा होऊ द्या. मिस्टर केस गळतीसाठी फिनास्टेराइड घेत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा, कारण त्या गोळीने पीएसए साधारण निम्म्यावर दिसते आणि वाढलेला आकडा नॉर्मल वाटून जातो.

या संदर्भात एक बातमी तुमच्या वाचनात आली असेल. 2025 मध्ये ब्रिटनमधल्या बारकोड1 अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 55 ते 69 वयाच्या पुरुषांचा 130 बदलांचा स्कोअर काढला, वरच्या 10 टक्क्यांत आलेल्यांना एमआरआय आणि बायोप्सी देऊ केली. ती करून घेतलेल्या 468 जणांपैकी 187 जणांना, म्हणजे 40 टक्क्यांना, कॅन्सर निघाला. अभ्यास चांगला आहे, मी त्याचं मोल कमी करत नाही. पण त्यात फक्त युरोपीय वंशाचे पुरुष होते. तो वाचून कोणी तुमच्या मिस्टरांना 'पीएसए सोडा, स्कोअर बघा' असं म्हणत असेल तर तो सल्ला त्या अभ्यासातून निघत नाही. ब्रिटनमध्येच ट्रान्सफॉर्म नावाची मोठी चाचणी हाती घेतली आहे. तिच्यात कृष्णवर्णीय पुरुषांना 45व्या वर्षापासून बोलावण्याचं आणि निमंत्रितांमध्ये त्यांचं प्रमाण 10 टक्के ठेवण्याचं ठरलं आहे. अशा चाचण्यांतून पुढे काही ठोस हाती येईल, अशी मला आशा आहे.

इथपर्यंतचं थोडक्यात: स्कोअर कोणावरून बनवला आणि कोणाशी ताडला हे कळल्याशिवाय 48 या आकड्याला अर्थ नाही, अर्थ असला तरी वडिलांच्या आजारामुळे वाढलेला धोका त्याने कमी होत नाही, पीएसए आता करा.

आता अहवालातल्या दुसऱ्या ओळीकडे येते, कारण माझ्या मते ती स्कोअरपेक्षा जास्त दिशाभूल करणारी आहे: 'बीआरसीए बदल आढळले नाहीत'. बीआरसीए1 आणि बीआरसीए2 ही मोठी जनुकं आहेत. त्यांत बिघाड होण्याच्या हजारो जागा आहेत. घरी करायच्या अशा चाचणीला 2018 मध्ये अमेरिकेत पहिली परवानगी मिळाली, तेव्हा ती फक्त 3 बदल तपासत होती, आणि ते तिन्ही अश्केनाझी ज्यू लोकांत जास्त दिसणारे. नायजेरियन माणसात ते शोधून न सापडणं यात काहीच नवल नाही. पुढे अशा चाचण्यांत तपासलेल्या बदलांची संख्या वाढली, तरी संपूर्ण जनुक वाचणं ही वेगळी गोष्ट आहे. आणि नायजेरियन कुटुंबांत हे बिघाड दुर्मीळ आहेत असं समजू नका. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नायजेरियातल्या अभ्यासात स्तनाच्या कॅन्सरच्या 1136 रुग्णांपैकी 7 टक्क्यांना बीआरसीए1चा आणि 4 टक्क्यांना बीआरसीए2चा वारशाने आलेला बिघाड होता. प्रोस्टेटच्या बाबतीत एचओएक्सबी13 या जनुकातही तेच: युरोपीय कुटुंबांत जी84ई हा बदल प्रसिद्ध आहे, तर पश्चिम आफ्रिकन वंशाच्या पुरुषांत एक्स285के हा वेगळाच बदल सापडला आहे. फक्त पहिला तपासून 'काही नाही' म्हटलं तर अर्धाच तपास झाला.

म्हणून माझा आग्रह असा की आधी चाचणी सासऱ्यांची व्हावी. ज्याला आजार झाला त्याची चाचणी केली तर उत्तर सर्वांत स्पष्ट मिळतं. त्यांच्यात बिघाड सापडला तर मिस्टरांमध्ये नेमका तोच शोधता येईल, आणि मिस्टरांमध्ये तो नाही सापडला तर निदान त्या बिघाडाबद्दल निश्चिंत होता येईल. उलट फक्त मिस्टरांची चाचणी केली आणि काही सापडलं नाही, तर सासऱ्यांमध्ये बिघाड होता पण मुलाकडे आला नाही, की मुळात नव्हताच, हे कळणार नाही. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरच्या प्रत्येक रुग्णाला ही चाचणी द्यावी असं मार्गदर्शनच आहे. 2016 मध्ये अशा 692 पुरुषांची तपासणी झाली, त्यांतल्या 11.8 टक्क्यांमध्ये डीएनए दुरुस्तीच्या जनुकांतला वारशाने आलेला बिघाड निघाला, आणि त्यात बीआरसीए2 सर्वांत पुढे. याचा फायदा खुद्द सासऱ्यांनाही आहे. असे बिघाड असलेल्यांना ओलापरिबसारखी औषधं लागू पडू शकतात. लाळेचा किंवा रक्ताचा नमुना लागोसहून पाठवता येतो, त्यांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून बघा. एक तयारी मनाशी ठेवा: आफ्रिकन वंशाच्या लोकांत 'अर्थ अजून स्पष्ट नाही' अशा शेऱ्याचे बदल जास्त निघतात, कारण तुलनेसाठी त्यांचे नमुने कमी आहेत. तसा शेरा आला तर त्याला बिघाड समजून कोणताही उपचार किंवा शस्त्रक्रिया ठरवायची नाही.

लेकीबद्दल. स्तनाच्या कॅन्सरचा 313 बदलांचा जो प्रसिद्ध स्कोअर आहे, तो युरोपीय वंशाच्या 94 हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवर बनवला. त्याची पारख अशी करतात: एक रुग्ण आणि एक निरोगी स्त्री अशा 100 जोड्या घेतल्या, तर किती जोड्यांत रुग्णाचा स्कोअर जास्त निघतो? निव्वळ अंदाजाने 50 बरोबर येतील. युरोपीय वंशाच्या स्त्रियांत हा स्कोअर 63पर्यंत जातो. आफ्रिकन वंशाच्या स्त्रियांत 57. यामागे खुणा चुकण्याचं कारण आहेच, पण आणखी एक आहे. युरोपीय रुग्णांत इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारे कॅन्सर जास्त, त्यामुळे स्कोअर त्यांनाच नीट ओळखायला शिकला. कृष्णवर्णीय स्त्रियांत इस्ट्रोजेनला प्रतिसाद न देणारा ट्रिपल निगेटिव्ह प्रकार गोऱ्या स्त्रियांच्या जवळपास दुप्पट आढळतो, आणि नेमका तोच लवकर आणि वेगाने वाढतो. 2024 मध्ये आफ्रिकन वंशाच्या 18 हजारांहून अधिक रुग्ण स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेव्हा कुठे त्यांच्या स्वतःच्या माहितीवर बनवलेला स्कोअर 60पर्यंत पोचला. त्यातच ट्रिपल निगेटिव्हशी जोडलेले बदलही स्पष्ट झाले. ज्यांच्यासाठी स्कोअर हवा त्यांचे नमुने घेतले की स्कोअर सुधारतो, हे यातून दिसतंच आहे.

तुमच्या लेकीकडे प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत नायजेरियन बाजूची आणि एक मराठी. आफ्रिकन स्कोअर तिच्या अर्ध्या डीएनएला कसाबसा लागू, आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी आपल्याकडची माहितीही तोकडीच. कोणता तुकडा कुठून आला हे पाहून वेगवेगळी वजनं लावण्याच्या पद्धती संशोधनात आहेत, पण त्यांच्या जोरावर एका मुलीला आकडा सांगावा इतकी त्यांची पारख झालेली नाही. त्यात ती 12 वर्षांची आहे. मोठेपणी होणाऱ्या आजारांसाठी लहान मुलांची चाचणी करू नये असा आमच्या व्यवसायाचा संकेत आहे, आणि मला तो मनापासून पटतो. त्या आकड्यावर या वयात काहीच करायचं नसतं, आणि तो जाणून घ्यायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. सासऱ्यांमध्ये आणि मग मिस्टरांमध्ये बीआरसीएचा बिघाड निघाला, तर ती 18 वर्षांची झाल्यावर तिला सांगा आणि निर्णय तिला घेऊ द्या. काही निघालं नाही तरी 25व्या वर्षाच्या सुमारास तिने डॉक्टरांकडून स्तनाच्या कॅन्सरच्या धोक्याचं एकदा मूल्यमापन करून घ्यावं. अमेरिकेतली रेडिओलॉजी तज्ज्ञांची संघटना सगळ्याच स्त्रियांना, आणि विशेषतः कृष्णवर्णीय स्त्रियांना, तसं सुचवते. तोपर्यंत स्कोअरही आजच्यापेक्षा बरे झालेले असतील.

आता मिस्टरांचा प्रश्न. 2021च्या त्याच अभ्यासात आफ्रिकन वंशाच्या पुरुषांचा सरासरी स्कोअर युरोपीय पुरुषांपेक्षा 2.18 पट धोका दाखवणारा निघाला. ही ओळ अनेकांनी 'म्हणजे सगळं जनुकांतच आहे' अशी वाचली. मी तशी वाचत नाही. आजार होण्याच्या प्रमाणात वारशाचा वाटा आहे हे 8क्यू24वरून दिसतं, आणि ते मिस्टरांपासून लपवण्यात अर्थ नाही. पण आजार होणं वेगळं आणि त्याने मृत्यू येणं वेगळं. अमेरिकेत प्रोस्टेट कॅन्सरने कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट प्रमाणात दगावतात. पण माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत, जिथे सगळ्यांना जवळपास सारखे उपचार मिळतात, निदान झालेल्या कृष्णवर्णीय रुग्णांचे या कॅन्सरने होणारे मृत्यू गोऱ्यांपेक्षा जास्त दिसले नाहीत. वेळेवर निदान आणि पुरते उपचार मिळाले तर शेवट बदलतो. सासऱ्यांचा आजार हाडांत पोचेपर्यंत कळला नाही, त्याला एखादं अक्षर कारण असेलही, पण चाळिशीत त्यांची पीएसए बहुधा कोणी केली नसावी हेही कारण आहे. मिस्टरांना माझा हा निरोप जरूर द्या.

आफ्रिका एकच नाही हेही त्यांना पटेल. 2024 मध्ये घाना, नायजेरिया, सेनेगल, दक्षिण आफ्रिका आणि युगांडा इथल्या 3963 रुग्णांवर प्रोस्टेट कॅन्सरचा अभ्यास आला. त्यात दिसलं की आफ्रिकेतल्या वेगवेगळ्या भागांत जोखमीचे बदलही वेगवेगळे आहेत. 'आफ्रिकन वंशासाठी' म्हणून बनवलेले स्कोअर बहुतेक आफ्रिकन-अमेरिकन लोकांवर आधारलेले आहेत, ज्यांचे बरेचसे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले. नायजेरियन माणसाला ते त्यातल्या त्यात जवळचे. केनियातल्या किंवा इथिओपियातल्या माणसाला मी तेही सांगितलं नसतं. आपल्याकडच्या सिद्दी समाजाच्या वाचकांनाही हेच सांगेन: 2011च्या अभ्यासानुसार त्यांच्या डीएनएचा सुमारे 60 ते 75 टक्के भाग आफ्रिकन आणि उरलेला भारतीय आणि बहुधा थोडा युरोपीय आहे. परदेशी कंपनीचा तयार स्कोअर त्यांच्यावर लावू नये.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. जनुकीय चाचणीच्या निकालावरून आरोग्य विमा किंवा नोकरी नाकारता येत नाही, असा कायदा अमेरिकेत 2008 पासून आहे. आयुर्विमा, अपंगत्व विमा आणि म्हातारपणीच्या दीर्घकालीन सेवेचा विमा मात्र त्या कायद्यात येत नाहीत. मिस्टरांची पूर्ण जनुकांची चाचणी ठरवण्याआधी आयुर्विम्याचं काम राहिलं असेल तर ते आधी उरकून घ्या. पीएसएसाठी मात्र त्या कामाची वाट पाहू नका, ती याच महिन्यात करून घ्या.